जब्याचा दगड आणि आपलं स्टेटस

१४ एप्रिलच्या आठवडाभर आधी रात्री साडेअकराला एका पोराचा मेसेज आला. 'जय भीम ताई. मी बनवलाय. बघून सांगा.' खाली तीन मिनिटं चाळीस सेकंदांचा व्हिडिओ. पोरगा आमच्या अभ्यासिकेतला, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि मोबाइलवर एडिटिंग असं करतो की लग्नाच्या सीझनमध्ये त्याला चार पैसे मिळतात. मी अंथरुणात पडल्या पडल्या व्हिडिओ उघडला आणि पाचव्या सेकंदाला उठून बसले.

'फँड्री' होता तो. नागराज मंजुळेंचा 'फँड्री', १४ फेब्रुवारी २०१४ ला लागलेला. हातात गलोल घेऊन काळ्या चिमणीमागं फिरणारा जब्या. मान वळवून बघणारी शालू, तीही स्लो मोशनमध्ये. जत्रेत नाचणारा जब्या. शाळेच्या भिंतीवरचे बाबासाहेब, जोतिबा, सावित्रीमाई. शेवटी वर गेलेला तो हात, तो दगड आणि काळा पडदा. काळ्यावर निळ्या अक्षरांत 'जय भीम'. मागं एक भीमगीत, डीजेच्या ठेक्यावर चढवलेलं. दगड सुटतो त्याच क्षणाला ढोल पडतो. खोटं कशाला बोलू, अंगावर काटा आला.

दुसऱ्यांदा बघितला तेव्हा राग आला. मी लिहिलं, 'चांगलं केलंयस. पण डुक्कर कुठंय?' दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर नाही.

ज्यांनी सिनेमा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. (पाहिला नसेल तर आधी तो बघा, हा लेख नंतर वाचला तरी चालेल.) 'फँड्री' हा कैकाडी भाषेतला शब्द आहे, त्याचा अर्थ डुक्कर. गावाबाहेर राहणारं कैकाडी कुटुंब; बाप कचरू, आई, बहिणी आणि जब्या, म्हणजे जांबुवंत कचरू माने. जब्या शाळेत जातो आणि वर्गातल्या सवर्ण शालूवर त्याचा जीव जडलेला आहे. जत्रेत डुकरं पालखीच्या आड येतात, गावाला ते अशुभ वाटतं आणि डुकरं धरायचं काम कचरूच्या घरावर येतं. दुसऱ्या दिवशी सगळं घर डुकरामागं पळतं आणि गाव बसून बघतं. वर्गातली पोरं बघतात. शालू बघते. मधेच शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या जागच्या जागी थिजतो, बापही थिजतो आणि हाताशी आलेलं डुक्कर समोरून निघून जातं. शेवटी ते सापडतं. बांबूला उलटं टांगून ते नेलं जातं, त्या महापुरुषांच्या चित्रांच्या भिंतीसमोरून. मागून टवाळी चालूच असते. तेव्हा जब्या दगड उचलतो. शेवटचा दगड टवाळखोरांना नाही, सरळ कॅमेऱ्याला येतो.

म्हणजे मला, तुम्हाला. जे तिकीट काढून बसले होते त्यांना.

त्या पोराच्या व्हिडिओत काय काय नव्हतं याची मी यादी काढली. डुक्कर नव्हतं. टोपल्या विणणारे हात नव्हते. आई आणि बहिणींचा एकही फ्रेम नव्हता. जत्रेतला नाच होता, पण त्या नाचाआधी-नंतरचं काहीच नव्हतं; नवे कपडे घालून नाचायला आलेल्या पोराला मिरवणुकीत बत्ती धरून उभं राहावं लागतं, आणि ज्या पोरीनं आपल्याला नाचताना बघावं असं वाटत होतं ती आपल्याला बत्ती धरलेलं बघते, ते नव्हतं. राष्ट्रगीत नव्हतं, कारण सिनेमाचा सगळा आवाजच काढून तिथं गाणं भरलं होतं. आणि भिंतीच्या दृश्यात त्यानं जे केलं होतं ते तर मला रात्रभर टोचत राहिलं. चित्रं मोठी करून फ्रेम अशी कापली होती की बांबू आणि त्यावरचं ओझं बाहेर जाईल. महापुरुष ठेवले. त्यांच्यासमोरून जे नेलं जात होतं ते काढून टाकलं.

आता हे ब्लॉगवर लिहायचं कारण. हा एका पोराचा प्रश्न नाही. गेल्या काही वर्षांत 'फँड्री'चे, 'सैराट'चे, 'कोर्ट'चे असे तुकडे तुम्हाला-मला शेकड्यानं आलेले आहेत. दरवर्षी एप्रिल आला की येतात, डिसेंबर आला की येतात. आपण ते बघतो, अंगठा दाखवतो, पुढं ढकलतो. हे तुकडे आपल्यापर्यंत येतात तेव्हा आपण नक्की काय स्वीकारतो, यावर मात्र आपल्यात बोलणं होत नाही. कार्यकर्त्यांचे दोनच ठरलेले पवित्रे आहेत. एक म्हणतो, 'पोरांनी सिनेमाची वाट लावली.' दुसरा म्हणतो, 'निदान विचार तरी पोहोचतोय ना.' मला दोन्ही आळशी वाटतात.

पहिल्या पवित्र्याबद्दल आधी बोलते, कारण त्या रात्री मी स्वतः तोच घेतला होता.

मी 'फँड्री' थिएटरात पाहिला, एम.ए.ला असताना. नंतर समाजशास्त्राच्या सेमिनारमध्ये त्यावर बोलले, टाळ्या घेतल्या. तेव्हापासून तो सिनेमा माझ्या डोक्यात एका काचेच्या कपाटात ठेवलेला आहे. कुणी हात लावला की मला ठेच लागते. पण हा 'कलाकृतीला हात लावू नका'चा आग्रह आला कुठून? हे सोवळंच आहे. फक्त देवघराच्या जागी फिल्म सोसायटी आली. ज्यांच्याबद्दल सिनेमा आहे त्या वस्तीत तो मल्टिप्लेक्सचं तिकीट काढून किती जणांनी पाहिला? आमच्या वस्तीत तो मेमरी कार्डावरून फिरला, पाच इंची स्क्रीनवर, निम्म्या वेळा अर्धाच. तोच त्यांचा 'फँड्री' आहे, आणि तो खोटा नाही.

शिवाय कापाकापी करायला आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. आपली सगळी सांस्कृतिक परंपराच कापून-जोडून उभी राहिली आहे. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा साचा उचलला आणि त्यातल्या गण-गवळणीचा आशय पालटला. आंबेडकरी जलशांनी ते पुढं नेलं. भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी लोकांच्या ओठांवरच्या चाली घेतल्या आणि त्यात बाबासाहेबांचा विचार भरला. वामनदादा कर्डकांची हजारो गाणी गावोगाव पोहोचली. सिनेमाच्या चालींवर बांधलेली भीमगीतं तर आपल्या प्रत्येकाच्या लहानपणाचा भाग आहेत. मूळ गाणं कुठलं हे मला कित्येकदा मोठेपणी कळलं, आणि मूळ ऐकून वाटलं की हेच नकली आहे. तेव्हा एखाद्या पोरानं मोबाइलवर चित्र एकाचं आणि गाणं दुसऱ्याचं जोडलं म्हणून भुवया उंचावण्याचा अधिकार निदान आपल्याला तरी नाही.

आणखी एक. 'फँड्री'वर पहिली कात्री या पोरानं चालवलेली नाही. अजय-अतुल यांचं जे गाणं 'फँड्री' म्हटलं की लोकांना आठवतं, ते सिनेमात नाहीच. ते प्रसिद्धीसाठी केलेलं होतं. ते ऐकून कितीतरी लोक व्हॅलेंटाइनच्या दिवशी प्रेमकथा बघायला आत शिरले आणि दगड खाऊन बाहेर आले. म्हणजे प्रेमाचं आमिष लावून जातीचा गळ टाकायची युक्ती सिनेमावाल्यांचीच. ती मला मान्य आहे, उलट आवडते. पण गळाच्या टोकाला काटा होता. जो आत आला त्याला पुढचं बघावं लागत होतं. तीन मिनिटांच्या व्हिडिओत आत येणंच नाही. नुसतं आमिष खाऊन मासा निघून जातो.

इथं मला जलसा आणि हा व्हिडिओ यांतला फरक सापडतो. जलशानं चाल लोकप्रिय घेतली आणि आशय धारदार केला. ऐकणारा ठेक्यावर मान डोलवत असतानाच त्याला कळायचं की हे आपल्या पाणवठ्याबद्दल, आपल्या मढी ओढण्याबद्दल चाललंय. लाज झाकली जात नव्हती, ती चारचौघांत बोलली जात होती. त्या पोराच्या व्हिडिओत ठेका धारदार झाला आणि आशय बोथट. जब्याला दगड उचलावा का लागला, हे त्यात कुठंच नाही. कारण काढून टाकलं की राग हा राग राहत नाही, 'अ‍ॅटिट्यूड' होतो. आणि अ‍ॅटिट्यूड कुणालाही परवडतो. ज्या जातींची पोरं त्या टवाळखोरांच्या जागी होती तीसुद्धा हा व्हिडिओ स्टेटसला ठेवू शकतात. निळी अक्षरं तेवढी बदलायची.

'सैराट'चं काय झालं आठवा. २०१६ साली त्या सिनेमातल्या एका गाण्यावर सगळा महाराष्ट्र नाचला. आंतरजातीय लग्न केलं म्हणून पोरीला घराबाहेर काढणाऱ्या घरांच्या वरातीतही ते गाणं वाजलं. त्याच सिनेमाचा शेवट पूर्ण नि:शब्द आहे. रक्ताची इवली पावलं आणि आवाज शून्य. तो शेवट कुणी डीजेवर लावू शकत नाही, म्हणून तो कुणी लावलाही नाही. पुढं २०१८ मध्ये 'धडक' आला आणि हिंदीवाल्यांनी कोट्यवधी खर्चून त्यातली जात पातळ केली. त्यांच्या हातात कात्री होती तेव्हा तिला 'रिमेक' म्हटलं गेलं.

'कोर्ट'चंही तेच. त्यातल्या लोकशाहिराच्या गाण्याचा तुकडा, म्हणजे वीरा साथीदार मंचावर आणि संभाजी भगतांचं गाणं, आपल्या ग्रुपांवर वरचेवर येतो. यायलाच पाहिजे. पण ज्या गटार साफ करणाऱ्या कामगाराच्या मृत्यूवरून त्या शाहिराला अटक होते, त्याच्या बायकोची कोर्टातली साक्ष मला आजवर कुणीही पाठवलेली नाही. ती शांतपणे सांगत असते की नवरा कामावर कसा जायचा, आत उतरण्याआधी काय करायचा. त्या साक्षीवर गाणं बसत नाही. ती ऐकायलाच लागते.

इथपर्यंत माझा मुद्दा पक्का होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अभ्यासिकेत पोरगा आला तेव्हा मी हे सगळं त्याला ऐकवलं. जरा व्याख्यानच झालं. तो खाली बघत राहिला. मग म्हणाला, 'ताई, पहिल्या वेळेस डुक्कर ठेवलं होतं.'

त्यानं आधीचा व्हिडिओ दाखवला. त्यात सगळं होतं. डुकरामागची धावपळ, बांबू, भिंत. तो त्यानं कॉलेजच्या ग्रुपवर टाकला होता. खाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेल्या तोंडांची रांग. मग कुणीतरी एका वर्गमित्राला, जो मांग-गारुडी आहे, टॅग करून डुकराचं चित्र टाकलं. अर्ध्या तासात यानं व्हिडिओ उडवला. त्या मित्राची माफी मागितली. मग डुक्कर काढून नवा केला. 'आता कोण हसत नाही,' तो म्हणाला.

मला थिएटर आठवलं. दहा वर्षांपूर्वी डुकरामागं कचरूचं घर पळत होतं तेव्हा माझ्या मागच्या रांगा खदखदून हसत होत्या. शेवटचा दगड आल्यावर त्या गप्प झाल्या. मी सेमिनारमध्ये मोठ्या कौतुकानं मांडलं होतं की दिग्दर्शक आधी प्रेक्षकाला हसू देतो आणि मग त्या हसण्याबद्दल त्याला दगड मारतो. मांडणी चुकीची नव्हती. पण ती हसणाऱ्याला काय वाटतं यावरची मांडणी होती. त्या अंधारात डुकरं पाळणाऱ्या घरातलं कुणी बसलं असेल तर ते हसू त्याच्या कानांत दगडाच्या आधी पोचलं, आणि दगडानंतरही राहिलं, हे मला तेव्हा सुचलं नाही.

सुचवलं ते एका मुलीनं. ती कैकाडी घरातली, सेटलमेंटमध्ये राहते, बारावीला आहे. सोलापुरात 'सेटलमेंट' म्हटलं की कुणाला अर्थ सांगावा लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगते: इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं ज्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं त्यांना इथं तारेच्या कुंपणात ठेवलं होतं, आणि हा कायदा स्वतंत्र भारतात ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. देश सुटला त्यानंतर पाच वर्षं. तर ही मुलगी कोपऱ्यात अकाउंटन्सीची गणितं करत होती आणि आमचं सगळं ऐकत होती. मी तिला म्हटलं, 'तू सांग गं, डुक्कर काढलं ते बरोबर का?'

ती म्हणाली, 'बरं झालं काढलं. टीव्हीवर लागलेला ना पिक्चर, त्यानंतर शाळेत मला सहा महिने त्याच नावानं हाक मारायचे. माझ्या घरी तर डुकरं नाहीतच. आजोबा टोपल्या करायचे.'

मी गप्प झाले. ज्या सिनेमाला मी काचेच्या कपाटात ठेवलं होतं, त्याचं नाव एका चौथीतल्या पोरीला शिवी म्हणून चिकटलं होतं. दोष सिनेमाचा नाही, हे मला आजही वाटतं. आपल्या शाळा कुठल्याही शब्दाची शिवी करू शकतात. 'भीमटा' हा शब्द कुठल्या सिनेमातून आलेला नाही. पण तिच्यासमोर 'आशय बोथट झाला' हे वाक्य मला पुन्हा उच्चारता आलं नाही.

थोड्या वेळानं तीच म्हणाली, 'पण ताई, जय भीम का लिहिलंय शेवटी? तो तर आमच्यातला आहे ना.'

पोरगा म्हणाला, 'अगं, भिंतीवर बाबासाहेब आहेत की.'

'भिंतीवर आहेत,' ती म्हणाली. तेवढंच. आणि पुन्हा गणिताकडं वळली.

मित्रांनो, माझ्या मते खरा प्रश्न इथं आहे, डुक्कर ठेवलं की काढलं इथं नाही. आपण बौद्ध तरुण 'फँड्री' बघतो तेव्हा बिनदिक्कत स्वतःला जब्याच्या जागी ठेवतो. दगड आपलाच समजतो. हे आपसूक होतं, कारण गावकुसाबाहेरचं जगणं, मास्तरचं बोलणं, पाटलाची हाक हे सगळं आपल्या घरांनी भोगलेलं आहे. माझ्या आजीनं भोगलेलं आहे. पण आज, या घडीला, त्या गावात बौद्धवाडा कुठं आहे? सिनेमात तो दिसत नाही. खऱ्या गावात असतो. आणि कैकाड्याचं पाल त्याच्याही पलीकडं असतं. खऱ्या गावात डुकरं धरायचा खेळ चालू झाला तर बघायला उभ्या राहिलेल्या गर्दीत आपला कुणी नसेल, असं छातीवर हात ठेवून सांगता येईल का? आपल्या किती घरांत 'ते डुकरं पाळतात, त्यांच्यात जाऊ नको' हे वाक्य अजून चालतं, हे मला वस्तीत काम करून माहीत आहे. बाबासाहेबांनी प्रतवारीच्या विषमतेबद्दल जे सांगितलं, की इथं प्रत्येक जातीला आपल्या खाली कुणीतरी दिलेलं आहे आणि म्हणूनच ही उतरंड टिकते, ते आपण ब्राह्मण-मराठ्यांना ऐकवायला पाठ केलंय. आपल्याला लागू करायला नाही.

म्हणून भिंतीचं ते दृश्य मला आता वेगळं दिसतं. इतकी वर्षं मी ते असं वाचत होते: बघा, महापुरुषांची चित्रं रंगवली आणि त्यांच्यासमोरूनच हे चाललंय, केवढा हा ढोंगीपणा त्या गावाचा. आता वाटतं की ती भिंत आपणही असू. जयंतीला रंगवलेली, रेखीव, निळी. समोरून कोण काय वाहून नेतंय हे न बघता उभी. त्या पोरानं फ्रेम कापून चित्रं ठेवली आणि ओझं काढलं तेव्हा त्यानं नकळत आपल्या चळवळीचाच फोटो काढला होता. भटक्या-विमुक्तांच्या सभेला आपले किती जण जातात? कैकाडी आमच्याकडं विमुक्त जातीत मोडतात आणि विदर्भात अनुसूचित जातीत. त्या कागदी रेषेमुळं कुणाला काय मिळतं आणि कुणाचं काय बुडतं, यावर आपल्या किती शिबिरांत एक तास दिला जातो? लक्ष्मण मानेंचं 'उपरा' १९८० साली आलं. दलित आत्मकथनांच्या आपल्या यादीत ते असतं. पण त्यातली भटकंती, बुरूड कामाच्या फोका, गाढवावरचा संसार आपल्या पोरांना माहीत आहे का, की फक्त नाव माहीत आहे?

काही जण म्हणतील, ताई, जय भीम हा नारा सगळ्या शोषितांचा आहे, तो कैकाड्याच्या पोरावर लिहिला तर बिघडलं काय. काहीही बिघडलं नाही, जर तो पोरगा आपल्या घरी जेवत असेल तर. तो लिहील तेव्हा तो नारा त्याचा. मागच्या पिढीत कितीतरी भटक्या-विमुक्त कार्यकर्त्यांनी तो स्वतः उचलला आणि त्याची किंमतही मोजली. पण त्याच्या अपमानाचं चित्र, त्यातला अपमान पुसून, आपल्या जयंतीच्या स्टेटससाठी वापरायचं आणि त्यावर आपली निळी अक्षरं उठवायची, याला एकजूट म्हणायला माझी जीभ रेटत नाही. हे म्हणजे दगड त्याचा, हात आपला आणि लाइक्सही आपले.

दुसरा पवित्रा, 'निदान विचार तरी पोहोचतोय', तोही मग इथंच अडतो. कुठला विचार पोहोचला? की आपण शूर आहोत. हे आपल्याला आपणच पाठवायची गरज मला समजते. दिवसभर कंपनीत, कॉलेजात, भाड्यानं घर शोधताना जे ऐकावं लागतं त्यानंतर रात्री तीन मिनिटं ताठ मानेनं उभं असलेलं काहीतरी बघावंसं वाटतं. त्या पोराची आई नगरपालिकेत सफाईला आहे. त्यानं व्हिडिओ पहिल्यांदा तिला दाखवला आणि ती रडली, असं तो म्हणाला. तिच्या रडण्यावर मी काय टीका करणार? पण 'फँड्री'चा दगड शूर वाटावं म्हणून मारलेला नाही. तो पोटात कळ यावी म्हणून मारलेला आहे, आणि जो जो बघतोय त्याला मारलेला आहे. त्यात मी आले. तोही आला.

(जाता जाता शालूबद्दल. अख्ख्या सिनेमात ती फारसं बोलतच नाही. काळ्या चिमणीची राख टाकली की ती वश होईल एवढंच जब्याला ठाऊक आहे, आणि तो तेरा-चौदा वर्षांचा आहे म्हणून मी त्याला सोडून देते. पण वीस वर्षांची पोरं तिला स्लो मोशनमध्ये मान वळवायला लावतात आणि जब्याच्या बहिणींना, ज्या चिखलात डुकरामागं पळताहेत, फ्रेमबाहेर ठेवतात, तेव्हा स्त्री-मुक्तीचा आपला तास बहुतेक झालाच नाही असं वाटतं. यावर वेगळं लिहीन.)

गेल्या रविवारी आम्ही समाजमंदिरात पूर्ण 'फँड्री' लावला. पडदा म्हणून पांढरी चादर आणि भाड्याचा प्रोजेक्टर. सेटलमेंटमधल्या चार घरांना स्वतः जाऊन बोलावलं. दोन आली, चटईच्या कडेला बसली, मधे या म्हटलं तरी कडेलाच. पळापळीच्या दृश्याला मागं बसलेली दोन-तीन पोरं हसली. व्हिडिओ करणाऱ्या पोरानं उठून सिनेमा थांबवला. मी त्याला थांबवायला नको सांगितलं होतं, तरी थांबवला. 'कशाला हसला?' एवढंच त्यानं विचारलं. कुणी बोललं नाही. एका म्हाताऱ्या कैकाडी बाबांनीच म्हटलं, 'लाव बाबा, पुढं लाव, पोरं हायेत.' राष्ट्रगीत आलं तेव्हा आमच्यातला एक जण सवयीनं उभा राहिला, मग इकडं तिकडं बघून बसला.

सिनेमा संपल्यावर चहा झाला. बाबांनी टोपलीची फोक कशी सोलतात ते हातानं हवेत करून दाखवलं आणि पिक्चरमधला माणूस बरा करतो म्हणाले. किशोर कदमांना ही पावती कुणीतरी कळवायला हवी.

पोरगा आता तिसरा व्हिडिओ करतोय. या वेळी त्यानं बारावीवाल्या मुलीला शेजारी बसवलंय आणि फ्रेम तिला निवडायला लावल्यात. तिनं डुक्कर पुन्हा बाहेरच ठेवलंय. तिला हवा आहे तो जब्या, जो आरशासमोर नाक सरळ व्हावं म्हणून नाकाला चिमटा लावून बसतो, आणि टोपल्या विणणारे हात. दगड ठेवायचा की नाही यावर दोघांचं जमत नाहीये. ती म्हणते, दगड ठेव, पण काळं झाल्यावर काही लिहू नको. गाणं अजून ठरलेलं नाही.